आभार न मानता दिलेली साक्ष

लग्न होऊन मी पिंपरीला आले तेव्हा स्टेशनच्या अलीकडे जिकडे बघावं तिकडे खणलेली माती होती. नवा कारखाना नुकताच सुरू झाला होता आणि माझ्या नवऱ्याला त्यात फिटरच्या हाताखाली काम मिळालं होतं. आम्ही नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते, मी स्वतः बोर्डिंगात राहून सातवी झालेले. इथे आमची एका पत्र्याच्या चाळीत एकच खोली होती. तिघं राहायचो. मी, नवरा आणि माझी सासू. सासूला मी आत्याबाई म्हणत असे. अक्षरओळख नसलेली, खणखणीत आवाजाची बाई. तिची चार मुलं लहानपणीच गेली होती, एकटा माझा नवरा राहिला होता. हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. गावच्या बायकांकडून कळलं होतं.

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी पोटात दुखू लागलं. नवरा पहिल्या शिफ्टला गेलेला. आत्याबाईंनी गावातून सुईणीला बोलावून आणलं. म्हातारी चांगली होती, हात फिरवत धीर देत होती. पण दुपार झाली तरी सुटका होईना, आणि मग तिच्या लक्षात आलं की मूल पायाळू आहे. पाय आधी आले होते. तिला जे ठाऊक होतं ते तिनं केलं. तिनं ओढलं. मग ती घाबरली आणि म्हणाली, "हिला पुण्याला न्या. माझ्याच्यानं न्हाई व्हायचं."

पुण्याला नेणार कशातून? आत्याबाई रस्त्यावर उभ्या राहिल्या आणि वाळू टाकून रिकामी परतणारी एक बैलगाडी त्यांनी अडवली. गाडीवानाशी काय बोलल्या मला माहीत नाही. मला एवढंच आठवतं की मी कडब्यावर पडले होते, वर पांढरं ऊन होतं आणि आत्याबाई गाडीवानाला सारखं "हाक, हाक" म्हणत होत्या. कासारवाडी मागे पडल्यावर गाडीतच मूल झालं. मुलगा होता. तो रडला नाही.

पुण्यात मिशनच्या दवाखान्यात मी आठवडाभर होते. तिथल्या मेट्रनबाई उंच, फार न बोलणाऱ्या. त्यांना मी विचारलं, माझं काय चुकलं? त्या म्हणाल्या, "तुझं काही चुकलं नाही. मूल सुदृढ होतं. जाणत्या हाताखाली असतीस तर ते रडलं असतं." असं कोणी बाळंतिणीला तोंडावर सांगत नाही. त्यांनी सांगितलं, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

घरी आल्यावर माणसं भेटायला येऊ लागली. शेजारच्या बायका माझ्या नशिबाविषयी बोलल्या. एकीनं मागच्या जन्माचं काढलं. आमची ख्रिस्ती मंडळी आली, त्यांनी गुडघे टेकून प्रार्थना केली आणि उठताना प्रत्येकानं एकच सांगितलं, देवाची इच्छा. आमच्या मंडळीत एक वडीलधारे होते, कारखान्यात मुकादम, सगळे त्यांना मानायचे. तेही आले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "सूनबाई, देवानं दिलं, देवानं नेलं. त्याची इच्छा आपल्याला कळत नाही."

आत्याबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. म्हणाल्या, "दादा, देवाची इच्छा न्हाई ही. हितं दवाखाना न्हाई. ही गोष्ट येगळी हाय."

मुकादमांनी चहा घेतला आणि गेले. मी मात्र ते वाक्य धरून बसले. मेट्रनबाई आणि आत्याबाई एकमेकींना ओळखतसुद्धा नव्हत्या, पण दोघी एकच सांगत होत्या. आणि त्या दोघींचं खरं असेल तर बाकीच्या सगळ्यांनी माझ्या मुलाचं मरण देवाच्या नावावर टाकलं होतं. मला देवाचा राग आला होता हे खरं, पण त्याहून जास्त राग त्याच्यातर्फे बोलणाऱ्यांचा आला.

नाताळ आला. मी म्हटलं, या वर्षी चांदणी लावायची नाही, करंज्या करायच्या नाहीत. आत्याबाईंनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कामट्या आणल्या, पतंगाचा लाल कागद आणला, स्वतः चांदणी बांधली आणि शेजारच्या मुलाला पत्र्यावर चढवून लावून घेतली. मी चिडले. त्या म्हणाल्या, "रुसायचंय ना? रूस की. पर त्याच्या म्होरं बसून रूस. पाठ फिरवलीस तर त्याला कसं कळायचं?"

"त्याला सगळं कळतं म्हणतात ना?" मी विचारलं.

"म्हनत्यात. पर आपन सांगितलेलं बरं."

नव्या वर्षाची उपासना मुकादमांच्या घरापुढच्या मांडवात व्हायची. तेव्हा पिंपरीत आमचं देऊळ, म्हणजे चर्च, नव्हतं. पुण्याहून पाळकसाहेब, आमचे धर्मगुरू, सायकलवर येत. तरुण होते, नुकतीच दीक्षा झालेले, आणि खरोखर चांगले होते. त्या सकाळी थंडी होती. सतरंज्या टाकल्या होत्या, एका बाजूला पेटी आणि तबला. मी जाणार नव्हते. आत्याबाईंनी माझी धुवट साडी काढून खाटेवर ठेवली आणि बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. त्या थंडीत त्यांना किती वेळ उभं ठेवायचं? मी नेसले आणि गेले.

पाळकसाहेबांनी उपदेश केला तो मागचं विसरण्यावर. वर्ष संपलं, त्याबरोबर त्यातलं दुःख संपलं, असं त्यांचं म्हणणं. मागे पाहू नका, पाटी कोरी आहे, नव्या उमेदीनं पाऊल टाका. बोलताना त्यांनी माझ्याकडे मायेनं पाहिलं. माझ्यासाठीच ते बोलत होते, हे सगळ्यांना कळलं. मला वाटलं, ज्या आईनं मुलाला एकदाही पाजलं नाही तिनं त्याला विसरायचं, तर मग तो होता हे लक्षात ठेवणार कोण?

उपदेशानंतर साक्ष. आमच्यात पद्धत होती, आजही आहे, की नव्या वर्षाच्या दिवशी एकेकानं उभं राहून सरत्या वर्षाबद्दल देवाचे आभार मानायचे. एक जण कामावर पर्मनंट झाला होता, त्यानं आभार मानले. एकीच्या मुलाची कावीळ बरी झाली होती. एका म्हाताऱ्याला काहीच सुचेना, तो म्हणाला, "जिवंत हाय, आभारी हाय," आणि सगळे हसले. पाळी सतरंजीवरून सरकत सरकत माझ्याकडे आली. पुरुषांच्या बाजूनं नवऱ्यानं मला खूण केली, आभार म्हण आणि बस.

मी उभी राहिले. आवाज लटपटला नाही याचं मलाच नवल वाटलं.

मी म्हणाले, "मला आज आभार मानायचे नाहीत. माझा मुलगा गेला. तो देवाच्या इच्छेनं गेला असं मी म्हणणार नाही, कारण देव असा आहे असं मला माझ्या वडिलांनी शिकवलेलं नाही. इथे बाळंतपण करणारी शिकलेली बाई नाही, म्हणून तो गेला. मी हे विसरणार नाही. पाळकसाहेब, रागावू नका, पण मी विसरणार नाही. या वर्षी मी ते काम शिकायला जाणार आहे. देव माझ्याबरोबर येणार असेल तर मला पाहिजेच आहे. पण तो येईल का, याची वाट बघत मी घरी बसणार नाही."

शिकायला जाणार हे मी तोपर्यंत ठरवलंसुद्धा नव्हतं. बोलता बोलता ते तोंडून निघालं आणि निघाल्यावर मला कळलं की हेच आहे.

मुकादम हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, बस खाली. हे साक्षीचं ठिकाण आहे, तक्रारीचं नाही."

बायकांच्या मागच्या रांगेतून आत्याबाई बोलल्या, बसल्या जागेवरून. "मग तक्रार कुठं करायची ते सांगा, दादा. तिथं जातो आमी."

पाळकसाहेबांनी डोळे मिटले. प्रार्थना करायला म्हणून मिटले असावेत, पण शब्द येईनात. शेवटी ते म्हणाले, गीत घेऊ या. पेटीवाला कोणतं म्हणून विचारत राहिला. तेवढ्यात आत्याबाईंनीच एक जुनं गीत सुरू केलं. आमच्याकडे जात्यावर म्हणतात त्या चालीचं, सावकाश. एकेक करत बायका त्यात आल्या. पुरुष नंतर आले.

उपासना संपल्यावर चहा-पोहे होते. माझ्याजवळ कुणी बसलं नाही. घरी येताना नवरा आमच्या पुढे चालत होता. रेल्वेच्या फाटकापाशी गाडी यायची होती, म्हणून थांबलो. तो म्हणाला, "असं सगळ्यांसमोर बोलायला नको होतं." गाडी आली, धडधडत गेली. फाटक उघडलं तरी तो तिथेच उभा. मग म्हणाला, "खोटं काही बोलली नाहीस, पण."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाळकसाहेब एकटेच आमच्या खोलीवर आले. धुळीनं भरलेले. एवढ्या लांबून सायकल मारत आलेले. मला वाटलं, समज द्यायला आलेत. मी तयारीत बसले. त्यांनी पाणी मागितलं आणि प्यायल्यावर म्हणाले, "ताई, मी ज्या दुःखावर बोललो ते मी पाहिलेलं नाही. मला वाटलं, वर्षाच्या पहिल्या दिवशी गोड बोलावं. तुम्ही काल बोललात ते गोड नव्हतं, पण प्रार्थना तीच होती. मला करता आली नाही, तुम्ही केलीत."

माझ्या मनातली सगळी भांडणं तिथेच बसली. आत्याबाईंनी विचारलं, "मग हिला शिकायला घेतील का तिथं?"

"मी मेट्रनबाईंना विचारतो," ते म्हणाले. "विचारतो म्हणजे, मी स्वतः घेऊन जातो."

ही बातमी पसरली आणि मग खरा विरोध सुरू झाला. मुकादम म्हणाले, तरुण सून दीड वर्ष बोर्डिंगात राहणार, मंडळीत काय बोललं जाईल. नगरहून नवऱ्याचे चुलते आले. त्यांचं म्हणणं, कूस रिकामी आहे, ती आधी भरू द्या, मग शिक्षणाचं बघू. नवरा मधल्यामध्ये अडकला. तो भांडणारा माणूसच नव्हता. चुलत्यांनी आत्याबाईंना विचारलं, "वहिनी, तुमचा पोरगा जेवणार काय?"

"भाकरी," आत्याबाई म्हणाल्या. "मला हात हायेत."

"आणि लोक?"

"लोकांनी आपापल्या घरी जेवावं."

चुलते रागानं त्याच दिवशी परत गेले. नवरा पुढच्या रविवारी पुण्याला गेला आणि येताना डोक्यावर एक पत्र्याची ट्रंक घेऊन आला. हिरवी, कुलूप-कडीवाली. खोलीच्या मधोमध ठेवली आणि शिफ्टला निघून गेला. त्याची परवानगी ती एवढीच. मी तिच्यावर हात फिरवत बराच वेळ बसले.

दवाखान्यात पहिले महिने मला वाटायचं, आपण मोठेपणा करून बसलो. प्रसूतीच्या खोलीत बाई ओरडली की मी दाराकडे बघायची. एकदा मी भांडं टाकून बाहेर पळाले. मेट्रनबाई मागून आल्या. समजूत घालतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "रडायला मागे धुण्याचा दगड आहे. रडून ये. भांडं तूच उचलायचं आहे." मी रडून आले आणि भांडं उचललं.

एकदा खेडकडची एक बाई आली, तिचं मूल पायाळू होतं. मला वाटलं, मेट्रनबाई मला बाहेर पाठवतील. त्यांनी मला पुढे उभं केलं. त्या कानाशी सांगत होत्या, ओढायचं नाही, थांब, अंग आपोआप येऊ दे, हाताचा नुसता आधार दे. थांबणं हेच त्यातलं अवघड काम. माझे हात ओढायला धावत होते आणि मी ते आवरून धरले होते. मग त्यांनी सांगितलं, आता. मी मूल उचललं. निळसर होतं. मग ते रडलं.

मी सगळं आवरलं, बाईला पाणी दिलं आणि मग धुण्याच्या दगडापाशी गेले. तिथे मी देवाशी मोठ्यानं बोलले. म्हटलं, इतकं सोपं होतं? एवढं थांबायचं होतं फक्त? मला उत्तर मिळालं नाही. आजपर्यंत मिळालेलं नाही. पण बोलल्यावर मी आत गेले आणि दुसऱ्या बाईची नाडी पाहिली. रागात केलेली प्रार्थनाही माणसाला कामावर परत पाठवते, हे मला त्या दिवशी कळलं. ती ऐकली गेली होती, असं मी तेव्हापासून धरून चालले आहे.

शिकून परत आले तेव्हा मला वाटलं होतं, लोक दार ठोठावतील. कुणी आलं नाही. ख्रिस्ती बाई, त्यात स्वतःचं मूल गेलेली, तिचा हात कुणाला लागू द्यायचा? चाळीतल्या दोघीचौघी सोडल्या तर बायका मला वळसा घालून जात. मी रिकामी बसले नाही. रोज पिशवी घेऊन निघायची, एक दिवस रहाटणी, एक दिवस पिंपळे सौदागर, बांधाबांधानं. घरोघरी जाऊन गरोदर बायकांची चौकशी करायची. कुत्री अंगावर यायची. एका घरातून सांगितलं, पुन्हा येऊ नको. मी पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले.

मग रहाटणीहून एक गडी पळत आला. मोठं शेतकरी घर होतं, थोरल्या सुनेची सुटका होत नव्हती. मी गेले तर दारातच तिच्या सासूनं अडवलं. "किरिस्तावाची बाई तू. चुलीपाशी यायचं न्हाई."

मी म्हटलं, "चुलीपाशी मला कामच नाही. पाणी उकळा आणि बाहेर आणून द्या. मला फक्त तुमची सून कुठे आहे ते दाखवा."

आत गेले तर तिच्या उशाशी तीच म्हातारी सुईण बसली होती. आम्ही एकमेकींना ओळखलं. ती उठून जाऊ लागली. मी तिला थांबवलं. मला आणखी दोन हात हवे होते, आणि त्या पोरीला ओळखीचं माणूस जवळ हवं होतं. आम्ही दोघींनी मिळून तिला कुशीवर वळवलं, कळा येतील तसा धीर दिला, पोटावर दाब देणं बंद केलं. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली, चांगली रडणारी. अंगणात हात धुताना म्हातारी म्हणाली, "तुझ्या येळेला मला उमगलं न्हाई, लेकी. लई दिस जीव खात व्हतं."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. पुढे कितीतरी बाळंतपणं आम्ही जोडीनं केली.

त्यानंतर बोलावणी येत राहिली. प्रत्येक मूल वाचलं असं नाही. जे गेलं, त्याच्या आईला मी कधी देवाची इच्छा म्हणून सांगितलं नाही. जे झालं ते सांगायची, आणि तिच्याजवळ बसायची. तिला प्रार्थना हवी असेल तर करायची, कोणत्याही देवाच्या घरात. मला स्वतःला पुन्हा मूल झालं नाही. याबद्दल लोक हळहळले, कुणी नवऱ्याला दुसरं लग्न सुचवलं. त्यानं ऐकून घेतलं आणि सुचवणाऱ्याच्या घरी पुन्हा कधी गेला नाही.

मुकादमांनी मला त्या साक्षीबद्दल पुरती माफी कधीच दिली नाही. तरी त्यांच्या मुलीचं बाळंतपण माझ्याच हातून झालं, आणि नव्या वर्षाच्या उपासनेत ते दर वेळी माझ्याकडे काळजीनं पाहत, की ही आज काय बोलते. मी बोलत राहिले. कधी आभार मानले, मनापासून मानले. कधी नाही मानले. पण उभी राहून बोलायची, पाठ फिरवून नाही.

आता नव्या वर्षाच्या सुमारास तरुण मुली माझ्याकडे येतात आणि विचारतात, बाई, विश्वासानं सुरुवात कशी करायची? त्यांना मी सांगते, मन शांत होण्याची वाट बघू नका. राग असेल तर तो घेऊन या, देवाला तो जड होत नाही. ज्या गोष्टीनं तुम्हाला मोडलं ती विसरायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. ती दुसऱ्या कुणाला मोडणार नाही यासाठी काय करता येईल ते बघा, आणि ते करायला लागा. पाय उचलला की मग विश्वास येतो, निदान माझा तरी तसाच आला, मागून, धापा टाकत.

शिकून आल्याला काही वर्षं झाली होती, तेव्हा एकदा मी नव्या वर्षाची उपासनाच चुकवली. सकाळी निघणार एवढ्यात पिंपळे सौदागरहून बोलावणं आलं. मुकादम वाटेत भेटले, नवा कोट घालून निघालेले. म्हणाले, "आज तरी देवाच्या घरी यायचं." मी म्हटलं, "दादा, तिकडेच चालले आहे," आणि बांधावरून पुढे झाले. ऊन वर आलं तेव्हा तिथे मुलगा झाला, वजनदार, हातपाय झाडणारा. निघताना त्याच्या आजोबांनी शेतातून ओल्या हरभऱ्याचा डहाळा उपटून माझ्या हातात दिला. मी तो सोलत, खात, पिशवी खांद्यावर टाकून घरी आले.